वाळूची पोती काढली त्या सकाळी

विमला प्रयोगशाळेच्या दारात पोचली तेव्हा यंत्राभोवती रचलेली वाळूची निम्मी पोती बाहेर व्हरांड्यात जाऊन पडली होती, आणि उरलेली उचलायला दोन गडी वाकले होते.

“कुणी सांगितलं काढायला?” ती दारातूनच ओरडली.

“मी सांगितलं,” आतून नरसिंहराव म्हणाले. संस्थेचे संचालक. पांढरा कोट, नवा टाय, हातरुमालाने चष्मा पुसत उभे होते. “दिल्लीचे पाहुणे येताहेत, विमला. त्यांना काय खंदक दाखवू? लढाई संपून बारा वर्षं झाली.”

“सर, पोती असल्याशिवाय चाक फिरवायचं नाही असं ठरलंय आपलं.”

“तुझं ठरलंय. त्यांना चाक दिसलं नाही तर पुढच्या वर्षी यंत्रही नसेल आणि तूही नसशील. सरी?”

हा ‘सरी’ म्हणजे बोलणं संपलं. बंगळूरच्या मराठी घरांतून हा कानडी शब्द असाच वापरतात, दार लोटून घ्यावं तसा.

विमलाचं घराणंही असंच जुनं बंगळुरी. शहाजीराजांच्या फौजेबरोबर तिचे पूर्वज इथं उतरले ते उतरलेच. चामराजपेठेतल्या तिच्या घरात थोरल्या भावाला अण्णा म्हणत, थोरल्या बहिणीला अक्का, आणि ताटात वाढताना ‘स्वल्प’ वाढायला सांगत. अशा घरातली मुलगी रसायनशास्त्र शिकली, शिष्यवृत्ती मिळवून बोटीनं स्वीडनला गेली, उप्सालाच्या विद्यापीठात तीन हिवाळे काढून डॉक्टरेट घेऊन परतली, याचं नातेवाइकांना कौतुक कमी आणि काळजी जास्त होती. तिचं लग्न राहिलं ते राहिलंच.

उप्सालाचं विद्यापीठ पाच शतकांच्या घरातलं. तिथल्या संशोधकांनी आधीच्या पिढीत एक यंत्र घडवलं होतं. पोलादाचं एक चाक मिनिटाला हजारो फेरे घेतं, आणि त्याच्या पोटातल्या इवल्याशा काचेच्या खोलीत ठेवलेलं द्रावण त्या वेगापायी तळाकडे ढकललं जातं. जड कण आधी खाली बसतात, हलके मागं राहतात. त्यातून जगाला कळलं की रक्तातली, दुधातली, अंड्यातली प्रथिनं म्हणजे नुसता चिकट लगदा नव्हे. प्रत्येकाला स्वतःचं ठरलेलं वजन आहे. विमला तिथं पोचली त्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं तिला यंत्र दाखवण्याच्या आधी त्याच्यापुढची भिंत दाखवली होती. काँक्रीटची, हातभर जाड. तिचा तळवा धरून त्यानं भिंतीवर टेकवला आणि मगच आत नेलं.

बंगळूरला तसलं चाक तिनं घडवून घेतलं विठोजीकडून. विठोजी संस्थेच्या कारखान्यात लेथवर काम करायचा. गवीपुरातला मराठा गडी, तिशीचा, हसरा, कामाच्या नादात मोठ्यानं गाणारा. तो तिला अक्का म्हणायचा. त्याचा थोरला भाऊ फत्तेसिंग गवीपुरात गरडी चालवायचा, म्हणजे आपली तालीम, आणि म्हैसूरच्या दसऱ्यात त्यानं नामांकित मल्ल लोळवलेले. “अण्णा माणसं फिरवतो, मी पोलाद फिरवतो,” असं विठोजी म्हणायचा.

यंत्र उभं राहिलं, भिंत मात्र राहून गेली. सिमेंट परवान्यावर मिळायचं आणि संस्थेचा परवाना सचिवालयात कुठल्याशा टेबलावर अडला होता. म्हणून वाळूची पोती. त्या पोत्यांच्या आडोशाला उभं राहून विमला घोणशीच्या विषाचा अभ्यास करत होती. मंड्याकडच्या उसाच्या फडात घोणस चावली की माणसाचं रक्त आधी दह्यासारखं विरजतं आणि मग गोठायचंच विसरतं. हिरड्यांतून, नाकातून, जुन्या खरचटलेल्या जागांतून वाहत राहतं. हे करणारा पदार्थ एक आहे की दोन, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. पण आजवर छायाचित्रात एकच रुंद, पुसट पट्टा दिसला होता. वेग कमी पडत होता.

“पाहुण्यांना अजून अवकाश आहे,” नरसिंहराव म्हणाले. “एकदा चालवून बघू. त्यांच्यासमोर अडायला नको.”

विमलानं विठोजीकडे पाहिलं. तो खांदे उडवून हसला. “नेहमीच्या वेगावर ठेवू अक्का. तेवढ्यानं काय होतंय?”

तिनं विषाचं द्रावण भरलं. झाकण बसवलं. कॉम्प्रेसर धडधडू लागला आणि दाबाची हवा चाकाच्या पंखांवर आदळू लागली. आधी घरघर, मग गुणगुण, मग कानाच्या पडद्याला टोचणारी बारीक शीळ. विठोजी यंत्राला लागूनच वेगाच्या काट्यावर नजर ठेवून उभा होता. विमला लोखंडी चौकटीमागे वाकून कॅमेऱ्याच्या भिंगातून आत पाहत होती. नरसिंहराव कॉम्प्रेसरच्या टाकीपलीकडे, हवेच्या व्हॉल्व्हपाशी.

“एवढाच का?” ते त्या आवाजाच्या वरताण ओरडले. “उप्सालात याच्या दुप्पट जातो म्हणालीस ना?”

“तिथं भिंत आहे, सर!”

त्यांनी व्हॉल्व्हचं चाक धरलं आणि फिरवलं. तिला त्यांचा हात दिसला. गोरा, नीट नखं कापलेला, अंगठीचा हात. शीळ चढली.

“सर, नको!” ती म्हणाली. आणि नेमकं तेव्हाच भिंगात तो पट्टा हलला. रुंद, पुसट पट्टा मधून फाटू लागला. आधी केसाएवढी फट. मग पातळ उजेड. मग दोन रेघा, वेगवेगळ्या, एक झपाट्यानं खाली सरकणारी आणि एक मागं रेंगाळणारी. दोन. पदार्थ दोन होते. जगात हे तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

नरसिंहरावांनी व्हॉल्व्ह आणखी फिरवला. या खेपेला ती काही बोलली नाही.

मग चाक फुटलं.

आवाज तिला ऐकूच आला नाही. फक्त जमीन पायाखालून हिसकली गेली आणि खोली पांढरी झाली. पोलादाचे तीन तुकडे तीन दिशांना सुटले. एक छपराची कौलं फोडून आकाशात गेला. दुसरा समोरच्या विटांच्या भिंतीतून आरपार जाऊन बाहेरच्या झाडात रुतला. तिसरा विठोजीच्या जांघेतून गेला.

ती उठली तेव्हा तोंडात चुना आणि रक्त होतं, कान बधिर. धुळीत विठोजी बसल्यासारखा दिसत होता, भिंतीला पाठ लावून. जवळ गेल्यावर कळलं की तो बसलेला नाही. त्याची उजवी मांडी मुळापासून उखडून यंत्राच्या पायाशी पडली होती. तो तिच्याकडे पाहत होता. ओठ हलत होते.

तिनं पदर ओढून त्या खड्ड्यात कोंबला. पदर भिजला. तिनं मुठी कोंबल्या, कोपरापर्यंत, आत कुठंतरी उडणारी शीर बोटांत धरायला. ती निसटत होती. माशासारखी निसटत होती. ‘गोठ,’ ती रक्ताला म्हणत होती, ‘गोठ ना, गोठ.’ आयुष्यभर जिनं रक्त गोठण्याचं शास्त्र केलं, तिच्या हातात ते गरम, पातळ, न थांबणारं रक्त होतं आणि तिला काही येत नव्हतं.

नरसिंहराव टाकीमागून उठले. कपाळावर ओरखडा होता, बाकी काही नाही. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि बाहेर जाऊन ओकले.

संस्थेच्या मोटारीत विठोजीचं डोकं मांडीवर घेऊन विमला बसली. मल्लेश्वरमच्या रेल्वे फाटकाशी मोटार थांबली. मालगाडी जात होती, एकामागून एक डबे संपत नव्हते. ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला. फाटक उघडण्याआधी विठोजी गेला. त्याच्या बायकोचं नाव चंद्रा होतं, आणि त्यानं शेवटी घेतलं ते तेच नाव असावं. विमलाच्या कानात अजून नुसता वारा होता, तिला ते ओठांवरून कळलं.

*

त्याच दुपारी, विमला इस्पितळात शवागाराबाहेर बसलेली असताना, नरसिंहरावांनी पोलिसांना जबानी दिली. बाईंनी परवानगीपेक्षा जास्त वेग दिला. मी बजावलं होतं. तरुण माणसं ऐकत नाहीत. हेच त्यांनी हेडक्लार्ककरवी गवीपुरात विठोजीच्या घरीही कळवलं, सहानुभूतीच्या चार शब्दांबरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमला प्रयोगशाळेत एकटी काचा वेचत होती. सांगितलं कुणी नव्हतं, पण घरी बसवेना. व्हरांड्यात पावलं वाजली. वळून पाहिलं तर दार भरून माणूस उभा. मुंडण केलेलं डोकं, उघड्या अंगावर पंचा, हातात लोखंडी पहार. तिनं त्याला पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी ओळखलं. डोळे विठोजीचेच होते.

“विमलाबाई कोण?”

“मी.”

त्यानं पहार उचलली आणि सगळ्यात आधी कॅमेरा फोडला. मग काचेची कपाटं. मग यंत्राचा उरलेला सांगाडा, एक घाव, दोन, दहा, पोलादावर लोखंड आदळून ठिणग्या उडेपर्यंत. तो ओरडत नव्हता. नुसता श्वास ऐकू येत होता, आखाड्यात दम घ्यावा तसा. विषाच्या बाटल्या फुटून पिवळी भुकटी जमिनीवर सांडली. मग पहार एका हातात ठेवून त्यानं दुसऱ्या हातानं विमलाचा गळा धरला आणि तिला भिंतीला लावून वर उचललं. तिच्या टाचा जमिनीवरून सुटल्या.

“माझा भाऊ सकाळी इडली खाऊन घरातून गेला होता,” तो अगदी सावकाश म्हणाला. “मी काल त्याला दोन वेळा उचललं. एकदा अंग, एकदा पाय. कळतंय तुला? दोन वेळा.”

तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. तिनं त्याच्या मनगटावर नखं रोवली. “मी... नाही...”

पकड किंचित ढिली झाली.

“वेग मी नाही वाढवला. नरसिंहरावांनी. पोतीही त्यांनीच काढली.”

“सगळे मेलेल्याच्या नाहीतर दुसऱ्याच्या नावावर ढकलतात.”

“मी थांबवू शकले असते,” विमला म्हणाली. आवाज खरवडून निघत होता. “एकदा नको म्हणाले. दुसऱ्या वेळी गप्प राहिले. मला आत काहीतरी दिसत होतं, ते पाहायचं होतं. तेवढा दोष माझा. पण व्हॉल्व्हवर हात त्यांचा होता.”

फत्तेसिंग तिच्या तोंडाकडे बघत राहिला. खोटं बोलणारा स्वतःवर एवढं घेत नाही, हे बहुधा त्याला पटलं. त्यानं तिला सोडलं. ती भिंतीला घासत खाली बसली. तो पहार घेऊन बाहेर पडला आणि मुख्य इमारतीच्या जिन्याकडे वळला, आणि तिला कळलं की आपण आत्ता काय केलं.

ती त्याच्यामागं धावली. गळा सुजला होता, हाक फुटेना. वरच्या मजल्यावर हेडक्लार्क खुर्चीसकट उलटा पडलेला, आणि संचालकांच्या खोलीचं दार बिजागरीतून लोंबत होतं.

आत नरसिंहराव सागवानी टेबलावर पालथे होते. फत्तेसिंगनं त्यांची मान धरून डोकं टेबलावर आदळलं. पुन्हा आदळलं. दौत उलटली, शाई आणि रक्त एकत्र वाहून टेबलाच्या कडेवरून ठिबकू लागलं. चष्म्याची काच भुवईत घुसली होती. त्यानं त्यांना सरळ केलं, बरगड्यांत गुडघा हाणला. काटकी मोडावी तसा आवाज आला.

“विमला!” नरसिंहराव किंचाळले. “विमला, याला सांग!”

ती दारात उभी राहिली. धावत जावं, मध्ये पडावं, असं काहीही तिच्या मनात आलं नाही. छातीत काहीतरी गरम, गोड पसरत होतं. फाटकापुढची ती मालगाडी तिला आठवत होती. ‘आणखी एक,’ असं तिच्या मनानं म्हटलं. तिनं स्वतः ते ऐकलं.

फत्तेसिंगनं नरसिंहरावांचा उजवा हात ओढून टेबलावर पसरला. मनगटावर गुडघा रोवला. पहार उचलली आणि मान वळवून विमलाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून वाहत होते, आणि त्यानं खरोखरच विचारलं, न्यायाधीशाला विचारावं तसं,

“ह्याच हातानं?”

नरसिंहराव तिच्याकडे पाहत होते. नकारार्थी मान हलवत होते.

“हो,” विमला म्हणाली.

पहार खाली आली. हात हात राहिला नाही. नरसिंहरावांच्या तोंडून निघालेला आवाज माणसाचा नव्हता, आणि त्या आवाजानंच तिच्या छातीतलं ते गोड काहीतरी एकाएकी आंबून गेलं. फत्तेसिंगनं पहार पुन्हा उचलली होती, आता डोक्यावर. विमला मध्ये पडली. कशी ते तिलाही आठवत नव्हतं. फक्त डाव्या खांद्यावर छप्पर कोसळल्यासारखं झालं, आणि ती नरसिंहरावांच्या अंगावर आडवी पडली. खांद्याचं हाड कातडीतून बाहेर आलेलं तिला दिसलं.

“बास,” ती म्हणाली. “अण्णा, बास.”

पहार फरशीवर खणखणत पडली. फत्तेसिंग टेबलाशेजारी मांडी घालून बसला, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि पोरासारखा हमसून रडू लागला. पोलीस येईपर्यंत तो जागचा हलला नाही.

*

खटला पावसाळाभर चालला. नरसिंहरावांचा हात मनगटापासून काढावा लागला होता. ते बाहीचं रिकामं टोक खिशात खोचून साक्षीला आले आणि व्हॉल्व्हबद्दल आपल्याला काही आठवत नाही म्हणाले. विमला उभी राहिली तेव्हा तिच्या वकिलानं आधीच बजावलं होतं, विचारतील तेवढंच सांगा. तिनं सगळं सांगितलं. पोती कुणी काढली, व्हॉल्व्ह कुणी फिरवला, मी केव्हा गप्प राहिले. आणि फत्तेसिंगनं हाताबद्दल विचारलं तेव्हा मी हो म्हणाले, हेही. न्यायालयात कुजबुज उठली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“तुम्हाला ठाऊक होतं, तो काय करणार ते?”

“होतं.”

व्हरांड्यात चंद्राबाई, विठोजीची विधवा, खांबाला टेकून उभी होती. विमला जवळून जाताना ती पुढे आली.

“अक्का, एक विचारू? तुम्ही जसं आज बोललात, तसं स्वल्प आधी का नाही बोललात?”

चंद्राबाई डोक्यावरून पदर घेऊन निघून गेली.

फत्तेसिंगला सक्तमजुरी झाली. नरसिंहराव तब्येतीचं कारण देऊन निवृत्त झाले आणि त्यांच्या निरोप समारंभाला शाली, हार, भाषणं सगळं झालं. चौकशी समितीनं पोलादात दोष होता असं ठरवलं. पोलाद बिचारं काय बोलणार? विमलाला आधी घरी बसवलं गेलं, आणि नंतर परत बोलावलं, कारण दुसरं कुणी तसलं यंत्र चालवू शकत नव्हतं. तिनं एकच अट घातली: आधी भिंत. नव्या संचालकांनी सचिवालयात स्वतः खेटे घातले आणि सिमेंट मिळालं.

नवं चाक साठ साली फिरलं. भिंतीआडून, आरशातून पाहताना तो पट्टा पुन्हा मधून फाटला, आणि या खेपेला छायाचित्र निघालं. तिचा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. उप्सालाहून दोन प्राध्यापक मुद्दाम वाट वाकडी करून बंगळूरला आले, त्यांनी छायाचित्रं उजेडाला धरून पाहिली, तिच्याशी हस्तांदोलन केलं. त्या दिवशी घरी तिच्या थोरल्या भावानं पायस करायला लावलं होतं. तिनं ते तसंच बाजूला सारलं. पट्ट्याची ती फट दिसली की तिच्या कानात वारा सुरू व्हायचा, दर वेळी.

त्यानंतरच्या वर्षी एका दुपारी चपराशानं सांगितलं, कुणी पैलवान भेटायला आलाय. तिनं हातातली परीक्षानळी खाली ठेवली. चपराशाला तिनं थांबायला सांगितलं नाही. एकटीच व्हरांड्यात गेली.

फत्तेसिंग पायऱ्यांखाली उभा होता. बराच वाळलेला, केस पांढरे. वर आला नाही.

“सुटलो परवा,” तो म्हणाला. “चाललं का मग ते?”

“चाललं.”

“काय निघालं त्यातून?”

तिनं सांगितलं, साध्या शब्दांत. घोणशीच्या विषात दोन पदार्थ असतात. वेगळे करता येतात. एक रक्त विरजवतो, दुसरा रक्ताच्या वाटा सैल करतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घालून, एक शब्दही न सुटू देता.

“त्यानं माणसं वाचतात?”

“अजून नाही. औषध बनवणाऱ्यांना वाट सापडली एवढंच. पुढं कधीतरी वाचतील.”

“कधीतरी,” तो म्हणाला. तो शब्द त्यानं तोंडात थोडा वेळ घोळवला. “विठोजी असता तर म्हणाला असता, बघ अण्णा, माझ्या चाकानं काढलं.”

“त्याच्याच चाकानं पहिल्यांदा दिसलं,” विमला म्हणाली. “त्याच सकाळी. तेच मी पाहत होते.”

कारखान्यातून लेथचा आवाज येत होता. त्यानं हात जोडले. तिनंही जोडायला हात उचलले, पण डावा हात छातीच्या खालीच अडला. त्या मोडलेल्या खांद्यातून तो वर येतच नसे. फत्तेसिंगनं ते पाहिलं. त्याचे जोडलेले हात तसेच राहिले, मान मात्र खाली गेली, आणि तो तसाच, मान वर न करता, फाटकाकडे चालू लागला.